जुन्या वस्त्रांचे परिधान : वैयक्तिक कारणांची चिकित्सा
('पैठणी' या कवितेच्या विशेष संदर्भात)

सारांश

जुनी वस्त्रे हौसेने परिधान करण्यामागे आठवण, पोत, वेगळेपण, काटकसर अशी वैयक्तिक कारणे सांगितली जातात. या कारणांचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी शान्ता शेळके यांची 'पैठणी' ही कविता आणि पीटर स्टॅलीब्रास यांचा 'वॉर्न वर्ल्ड्स' हा निबंध यांचा तौलनिक विचार केला आहे. वस्त्रासंबंधीचे 'वैयक्तिक' कारण निवडीच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असते. ज्यांना हे स्वातंत्र्य नाकारले गेले त्यांच्या इतिहासाला वगळून त्या कारणाचे मूल्यमापन अपुरे राहते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जुनी वस्त्रे, स्मृती, स्पर्श, वारसा, निवड, सक्ती.

प्रास्ताविक

'व्हिंटेज' हा शब्द मुळात द्राक्षमद्याच्या परिभाषेतील असून तो द्राक्षांच्या हंगामाचे वर्ष दर्शवितो. वस्त्रांच्या संदर्भात तो वापरला जातो तेव्हा 'जुने म्हणून कमी प्रतीचे' हा अर्थ मागे पडतो आणि 'जुने म्हणून मोलाचे' हा अर्थ पुढे येतो. मराठीत या अर्थच्छटेला एकच एक प्रतिशब्द रूढ नाही. 'जुनेर' या शब्दात झिजलेपणा आणि दारिद्र्य सूचित होते, तर 'ठेवणीतले' या शब्दात जपणूक आणि प्रतिष्ठा. जुन्या वस्त्राकडे पाहण्याच्या दोन परस्परविरोधी दृष्टी या दोन शब्दांत सामावलेल्या आहेत. एकाच कापडाला कोण 'जुनेर' म्हणतो आणि कोण 'ठेवणीतले', हा प्रश्न केवळ भाषेचा नसून सामाजिकही आहे.

मराठी घरात जुन्या वस्त्राचा प्रवास ठरलेला असे. मऊ झालेल्या सुती लुगड्याची बाळासाठी दुपटी होत. उरलेल्या कापडाची गोधडी वा वाकळ शिवली जाई. काही कपडे बोहारणीकडे जाऊन त्यांच्या बदल्यात भांडी घरात येत. खऱ्या जरीचे वस्त्र जाळून त्यातील चांदी काढून घेण्याचा व्यवहारही होता. या प्रत्येक टप्प्यावर वस्त्र आपले रूप वा मालक बदलते. याला अपवाद एकच, तो म्हणजे गाठोड्यात घडी करून ठेवलेले वस्त्र. ते कापले जात नाही, विकले जात नाही आणि बहुधा नेसलेही जात नाही. 'पैठणी' या कवितेचा विषय हाच अपवाद आहे.

'पैठणी' : नेसण्याऐवजी स्पर्श

शान्ता शेळके (१९२२–२००२) यांची ही कविता मराठी वाचकाला सुपरिचित आहे. फडताळातील गाठोड्याच्या तळाशी आजीची पैठणी जपून ठेवलेली आहे. आजी लग्नात ती नेसली होती आणि तिचाच पदर हाती धरून ती वडीलधाऱ्यांच्या पाया पडली होती. सणवार, धूपकापूर, अत्तरे, फुले यांचा सूक्ष्म गंध त्या वस्त्रात मुरला आहे. संसाराची वर्षे जात राहिली तसा कोऱ्या कापडाचा ताठरपणा जाऊन त्याला मऊपणा आला. नात अधूनमधून ती पैठणी उराशी धरते, तिच्या स्पर्शातून आजीला भेटते आणि पैठणीच्या चौकड्यांकरवी आजीला आपले कुशल कळविते.

या कवितेचे वाचन बहुधा स्मरणरंजनाच्या अंगाने केले जाते. मात्र तिच्यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. संपूर्ण कवितेत नात ती पैठणी नेसत नाही. ती वस्त्र उराशी धरते, पण अंगावर चढवीत नाही. नेसणे ही क्रिया कवितेत फक्त आजीच्या वाट्याला येते. स्पर्शात दोन व्यक्ती वेगळ्या राहून भेटतात, तर परिधानात एकीच्या जागी दुसरी उभी राहते. आजीची जागा घेण्याची इच्छा नातीला नाही. तिला आजीची खुशाली विचारायची नसून स्वतःची कळवायची आहे. आजी 'तिथे' आणि आपण 'इथे' हे अंतर तिने मान्य केले आहे आणि पैठणी त्या अंतरावरील निरोप्या आहे.

या संयमाला कापडाचे भौतिक कारणही जोडता येईल. जुने रेशीम घडीच्या रेषेवर विरते. जरीच्या भाराने ते तेथेच फाटण्याचा संभव असतो. असे वस्त्र नेसणे म्हणजे ते थोडे थोडे खर्च करणे होय. त्यामुळे जुने वस्त्र हौसेने वापरणाऱ्या प्रत्येकासमोर जपणूक आणि वापर यांतील निवड उभी राहते. कवितेतील नातीने जपणूक निवडली आहे.

गाठोड्यात पैठणीच्या सोबतीला काय आहे, हेही अर्थपूर्ण आहे. तेथे कुंच्या आहेत, टोपडी आहेत, शेले आणि शाली आहेत. कुंची आणि टोपडे ही तान्ह्या बाळाची वस्त्रे, तर शेला आणि शाल ही प्रौढ वयाची व मानाची. जन्मापासूनची कौटुंबिक आयुष्ये या एका गाठोड्यात एकत्र आली आहेत. म्हणून पैठणी येथे सुटी, संग्राह्य वस्तू राहत नाही. बाजारातील 'व्हिंटेज' वस्त्र आणि हे वस्त्र यांतील पहिला फरक हाच होय.

'वॉर्न वर्ल्ड्स' : परिधान आणि शोक

स्टॅलीब्रास यांचा निबंध १९९३ मध्ये 'येल रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे निमित्त वैयक्तिक आहे. त्यांचे मित्र आणि सहलेखक अ‍ॅलन व्हाइट १९८८ मध्ये निधन पावले. व्हाइट यांचे जाकीट स्टॅलीब्रास वापरू लागले. 'व्यक्ती' या संकल्पनेवर निबंधवाचन करीत असताना अंगावरील जाकिटाने ते अक्षरशः भारावून गेले आणि त्यांना वाचन पुढे चालू ठेवता आले नाही. व्यक्तीच्या स्वायत्ततेची चर्चा सुरू असतानाच दुसऱ्या व्यक्तीचे वस्त्र वक्त्याचा ताबा घेते, हा योगायोग निबंधाच्या विचारसूत्राशी सुसंगत आहे. वस्त्र शरीराला ग्रहण करते, त्याचा आकार आणि गंध धरून ठेवते आणि शरीर गेल्यावरही उरते, हे ते सूत्र होय.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये शिंपीकामाच्या बोलीत जाकिटाच्या कोपरावर पडलेल्या सुरकुत्यांना 'आठवणी' म्हणत, अशी नोंद स्टॅलीब्रास देतात. या सुरकुत्या म्हणजे वापरणाऱ्याच्या शरीराची खूण. गहाणवट घेणाऱ्या सावकाराच्या लेखी मात्र प्रत्येक 'आठवण' म्हणजे किमतीतील घट होती. हाच धागा त्यांनी पुढे 'मार्क्सेस कोट' (१९९८) या लेखात विस्तारला. लंडनमधील हलाखीच्या काळात कार्ल मार्क्सला आपला कोट वारंवार गहाण ठेवावा लागे. कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही, असे त्याने फेब्रुवारी १८५२ मध्ये एंगल्सला कळविले होते.

या दोन साहित्यकृतींची तुलना केली असता वस्त्रप्रकारातील भेद समोर येतो. जाकीट शिवलेले असते. ते विशिष्ट खांद्यांचे, विशिष्ट कोपरांचे असते आणि दुसऱ्याने ते घातले की पहिल्याचे शरीर जाणवते. पैठणी न शिवलेले वस्त्र आहे. ती कोणत्याही अंगाला लपेटता येते आणि सोडली की पुन्हा सपाट घडी होते. तिच्यात शरीराचा आकार राहत नाही, राहतो तो पोताचा मऊपणा आणि गंध. म्हणून एका कृतीत शोक परिधानातून व्यक्त होतो, तर दुसरीत स्पर्शातून. भावनेच्या अभिव्यक्तीवर वस्त्राच्या घडणीचा असा परिणाम होतो, ही बाब साहित्यसमीक्षेने अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी.

बाजार आणि वैयक्तिक कारण

परक्याचे जुने वस्त्र विकत घेऊन घालणाऱ्याजवळ अशी कौटुंबिक वा मैत्रीची स्मृती नसते. तेथे कारणे वेगळी असतात : पूर्वीची वीण व शिलाई आज सहज न मिळणे, आपल्यासारखे दुसऱ्या कोणाजवळ नसणे, नव्या उत्पादनाचा पर्यावरणावरील भार टाळणे. ही कारणे खोटी नाहीत. मात्र ती पूर्णतः वैयक्तिकही नाहीत. अँजेला मॅकरॉबी यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ब्रिटनमधील जुन्या कपड्यांच्या बाजाराची चर्चा करताना दाखवून दिले, की या शैलीमागे जुने कपडे हेरणाऱ्या, निवडणाऱ्या आणि विकणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, श्रम असतात. आपल्याकडील बोहारीण हीदेखील अशाच श्रमसाखळीचा दुवा आहे. तिच्या नजरेने पारखलेले कापड पुढे कोणाच्या तरी 'निवडीचे' होते.

शिवाय बाजाराला जुनेपणा हवा असतो, पण 'आठवणी' नको असतात. वस्त्र धुऊन, गंध घालवून, डाग काढून विक्रीस ठेवले जाते. पूर्वीचे शरीर जितके पुसले जाईल तितके वस्त्र 'चांगल्या स्थितीत' ठरते. सावकाराचे गणित येथे नव्या रूपात कायम राहते. नातीने जपलेला सूक्ष्म वास हा बाजाराच्या दृष्टीने दोषच ठरेल.

निवडीच्या पलीकडे

येथवरची चर्चा निवड शक्य असलेल्यांची आहे. भारतीय समाजात जुने वस्त्र हे दीर्घकाळ सक्तीचेही चिन्ह होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे विधान आहे. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. गावगाड्यात प्रेतावरील वस्त्र हा महारांचा 'हक्क' मानला जाई. मृताचे वस्त्र अंगावर घेणे हीच क्रिया स्टॅलीब्रास यांच्या निबंधात प्रेमाची खूण आहे आणि येथे अवमानाची. क्रिया एकच असूनही अर्थ उलटा होतो, याचे कारण वस्त्रात नसून ते कोणी ठरविले यात आहे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना केलेले आवाहन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत त्यांनी सोडावयास सांगितली. वस्त्र फाटके असले तरी हरकत नाही, परंतु ते स्वच्छ असावे, असा त्यांचा आग्रह होता. येथे वस्त्राच्या जुनेपणाला विरोध नाही. विरोध आहे तो वस्त्रावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्या व्यवस्थेला. जुने वस्त्रही स्वाभिमानाने नेसता येते, मात्र त्याचा अर्थ नेसणारीने ठरविला पाहिजे, हा विचार या आवाहनातून निष्पन्न होतो.

या प्रकाशात 'पैठणी'कडे पुन्हा पाहिले असता तिच्या मर्यादाही ध्यानात येतात. आजीला अहेवपणी मरण आले, असे कविता सांगते. वैधव्य आले असते तर अनेक उच्चवर्णीय घरांतील रूढीनुसार आजीच्या अंगावर पैठणीऐवजी आलवण आले असते आणि पैठणीची कथा मध्येच तुटली असती. त्याचप्रमाणे ज्या घरात लग्नातही पैठणी नव्हती, तेथे फडताळ आणि गाठोडे यांतून वारसा येत नाही. कवितेने हे सांगावयास हवे होते, असा आग्रह धरणे रास्त नाही. परंतु तिला सर्व मराठी घरांची कविता म्हणून शिकविताना अध्यापकाने या अनुपस्थित गाठोड्यांची जाणीव विद्यार्थ्यांना करून देणे आवश्यक आहे. वर्गात अशी विद्यार्थिनी असू शकते, जिच्या आजीचे एकही वस्त्र मागे उरलेले नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की जुने वस्त्र परिधान करण्यामागील वैयक्तिक कारण दोन गोष्टींनी अर्थपूर्ण होते. एक, वस्त्रात आपल्याआधी कोणीतरी होते याची ओळख ठेवणे. आणि दोन, ते घालणे वा न घालणे आपल्या हाती आहे, हे स्वातंत्र्य सर्वांना लाभलेले नव्हते याचे भान ठेवणे. पहिली गोष्ट 'पैठणी' आणि 'वॉर्न वर्ल्ड्स' या दोन्ही कृती उत्कटतेने शिकवितात. दुसरी गोष्ट शिकण्यासाठी मराठी वाचकाला महाडपर्यंत जावे लागते. 'ठेवणीतले' आणि 'जुनेर' या दोन शब्दांमधील अंतर कापडाच्या वयाने पडत नाही, ते माणसांनी पाडलेले असते. जुन्या वस्त्रांच्या नव्या हौसेची चिकित्सा करताना हे अंतर दृष्टीआड होऊ नये.