शाप, घराणे आणि प्रेमकथा

चित्रकथा हा प्रकार आपल्याकडे दीर्घकाळ बालवाङ्मयाच्या दालनातच ठेवला गेला. पुराणातील वा इतिहासातील एखादे आख्यान सुलभ करून सांगण्याचे साधन, याहून अधिक प्रतिष्ठा त्याला क्वचितच लाभली. जपानमध्ये मात्र मुलींसाठी निघणाऱ्या 'शोजो' चित्रकथांनी, विशेषतः १९७० नंतर, लेखिका-चित्रकर्तींच्या हातून मनोव्यापारांच्या चित्रणाची स्वतंत्र भाषा घडवली. नात्सुकी ताकाया यांची 'फ्रूट्स बास्केट' ही याच परंपरेतील महत्त्वाची कृती होय. 'हाना तो युमे' या नियतकालिकातून ती १९९८ ते २००६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि २३ खंडांत पूर्ण झाली. २००१ मध्ये तिला कोदान्शा पुरस्कार मिळाला. अद्भुताच्या आवरणाखाली ही प्रेमकथा घराण्यातील छळाचे चित्रण करते. तो छळ कोणत्या सांस्कृतिक ठशांच्या आधाराने चालतो आणि ते ठसे मोडताना ही कृती स्वतः किती ठशांवर विसंबते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

कथानकाचा पाया एका लोककथेत आहे. देवाने प्राण्यांना मेजवानीस बोलावले. उंदराने मांजराला चुकीचा दिवस सांगितला. त्यामुळे बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात मांजराला स्थान मिळाले नाही. सोमा घराण्यातील तेरा जणांवर या बारा प्राण्यांची आणि मांजराची छाया आहे. भिन्नलिंगी व्यक्तीने आलिंगन देताच ते त्या त्या प्राण्याचे रूप घेतात. घराण्याचा प्रमुख अकितो हा त्या देवाच्या जागी आहे. या घरात तोरू होंडा ही अनाथ मुलगी येते आणि कथा सुरू होते.

जन्मवर्षाच्या प्राण्यावरून माणसाचा स्वभाव ठरवणे हा निरुपद्रवी खेळ वाटतो. पण जपानच्या इतिहासात त्याची किंमत आकड्यांत मोजता येते. दर साठ वर्षांनी येणाऱ्या 'अग्नि-अश्व' वर्षी जन्मलेली स्त्री पतीचा घात करते, असा समज तेथे रूढ आहे. १९६५ मध्ये जपानमध्ये सुमारे १८ लाख २४ हजार मुले जन्मली. १९६६ या अग्नि-अश्व वर्षी ही संख्या १३ लाख ६१ हजारांवर घसरली आणि पुढच्याच वर्षी १९ लाखांच्या पुढे गेली. आधुनिक, सुशिक्षित समाजाने एका कथेपायी मुली जन्माला घालण्याचे टाळले. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, हे वाक्य ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही.

ताकाया यांचे सामर्थ्य असे की, हा ठसा बालकाच्या मनावर कसा उमटतो ते त्या दाखवतात. बैलाने उंदराला पाठीवर बसू दिले म्हणून तो मूर्ख, हे थोरांचे हसणे ऐकून बैलाची छाया असलेला हात्सुहारू संतापी होतो. वाघाची छाया असलेली किसा मात्र शाळेतील छळामुळे वाचाच गमावते. स्वभाव आणि चिन्ह यांतील ही विसंगती म्हणजेच या कृतीचा युक्तिवाद आहे. सर्वांत मोठा ठसा मांजराचा. क्यो या मुलाच्या आईने आत्महत्या केली, तिचा दोष बापाने त्याच्याच माथी मारला, आणि शिक्षण संपताच त्याला आयुष्यभर कोंडून ठेवायचे हेही आधीच ठरलेले. कथेच्या उत्तरार्धात मूळ आख्यान उलगडते: मांजर देवाकडे सर्वांत आधी आले होते, त्याने केवळ चिरंतन बंधन नाकारले, आणि मागे राहिलेल्यांनी त्याला द्रोही ठरवले. छळाला कथेची गरज असते, आणि ती कथा छळणारेच सांगत असतात, हे सूत्र येथे स्पष्ट होते.

सोमांच्या घराण्याची रचना काल्पनिक असली तरी निराधार नाही. १८९८ च्या नागरी कायद्याने कुटुंबप्रमुखाला इतरांच्या विवाहावर व निवासावर अधिकार दिला होता. १९४७ च्या सुधारणेने ती व्यवस्था कायद्यातून गेली. मनातून गेली असे म्हणता येत नाही. युकीची आई आपल्या मुलाला अकितोच्या स्वाधीन करून प्रतिष्ठा मिळवते. इसुझूचे आईवडील सुखी संसाराचा देखावा करीत राहतात. मुलीच्या एका निरागस प्रश्नाने तो मोडताच तिला मारहाण सुरू होते. बालछळाच्या प्रतिबंधाचा कायदा जपानमध्ये २००० मध्ये झाला. त्याच काळात ही पाने छापली जात होती, हे ध्यानात ठेवावे.

तथापि कृतीचे अंतर्विरोधही नोंदले पाहिजेत. अकितोची हिंसा शोकात्म सुरात येते. कागुरा प्रेमापोटी क्योला बदडते ते मात्र विनोद म्हणून. मारणारा बदलला की मार हास्यास्पद होतो, ही चित्रकथेची जुनी सवय येथे सुटलेली नाही. जर्मन आईचा मोमिजी सोनेरी केसांचा, लाडिक आणि बालिश रंगवला आहे. स्त्रीवेष घालणारा रित्सू हशाचा विषय होतो. तोरू तर घरकाम, स्वयंपाक आणि अथांग सोशिकता यांची मूर्तीच. दुखावलेल्या पुरुषांना बरे करणे हे स्त्रीचे कार्य, हा ठसा शापाहून जुना आहे. तिच्या सोशिकतेमागे मृत आईला घट्ट धरून ठेवण्याचे भय आहे, हे लेखिका पुढे उघड करते, आणि त्यामुळे ही व्यक्तिरेखा सपाट राहत नाही.

खरा प्रश्न क्षमेचा आहे. अकितो ही वस्तुतः स्त्री असून आईच्या अट्टहासाने पुरुष म्हणून वाढवली गेली, हे कळल्यावर छळणारीही छळलेली ठरते. अखेरीस तिच्या वाट्याला प्रेम येते. कारण सांगितले म्हणजे अपराध फिटला, असा अर्थ येथे सहज निघू शकतो. शिवाय घराण्याची रचना चालवणाऱ्या नोकरचाकरांना व पालकांना जाब विचारला जातोच असे नाही. परंतु दोन ठिकाणी कृती हा सोपा शेवट नाकारते. इसुझू क्षमेची घाई करीत नाही, आणि कथा तिला त्यासाठी दोष देत नाही. मोमिजीच्या आईला आपल्या मुलाची आठवण पुसून हवी होती, ती पुसली गेली. शाप संपल्यावरही ती परत येत नाही. अद्भुत संपते, हानी उरते.

शीर्षकाचा खेळही हेच सांगतो. मुलांनी एकेका फळाचे नाव घ्यायचे, हाक आली की उठायचे. तोरूला मात्र भाताच्या गोळ्याचे नाव देण्यात आले, म्हणून तिची हाक कधीच आली नाही. फळांच्या टोपलीत भाताचा गोळा बसत नाही, याचा दोष गोळ्याकडे जात नाही. तो नावे वाटणाऱ्यांकडे जातो. कुटुंबात कोणाला कोणते नाव मिळाले आणि ते कोणी दिले, हा प्रश्न लोकप्रिय प्रेमकथेच्या चौकटीत राहून विचारता येतो, हे या कृतीने सिद्ध केले. चित्रकथेकडे साहित्य म्हणून पाहण्यास एवढे कारण पुरेसे आहे.