‘१०० वॅट’ म्हणजे किती?

तंबूवर टाका, वीज गेली की घरी वापरा, असे सांगून विकल्या जाणाऱ्या लवचीक सौर पॅनेलचे हलकेपणाबद्दलचे कौतुक रास्त आहे. काचेचे १०० वॅटचे पॅनेल सात-आठ किलोंचे, हे दोन-अडीच किलोंचे. आमचा आक्षेप ‘१०० वॅट’ या आकड्याच्या वापराला आहे. तो प्रयोगशाळेतला आहे: दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. पत्र्याच्या छपरावर चिकटवलेल्या पॅनेलला मागून वारा लागत नाही; आपल्या उन्हात ते सहज ६५ अंशांवर जाते. सिलिकॉन घटाची शक्ती दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटते. म्हणजे १६ वॅट तिथेच गेले.

जाहिरातीतली ती डौलदार कमान तर आणखी फसवी. घट एकसर जोडणीत असतात. कडेच्या घटांवर ऊन तिरपे पडले की त्यांची रोडावलेली धाराच साऱ्या सरीला अडवते. (खेळण्यातल्या पॅनेलचा एक घट बोटाने झाकून विद्यार्थ्यांना धारा मोजू द्यावी.)

दिवसाला पाच तास पूर्ण ऊन धरले, तरी बॅटरीतली घट वजा जाता सुमारे ३५० वॅट-तास उरतात. तंबूतल्या दिव्यांना ते भरपूर झाले. घरी मात्र ७० वॅटचा एक पंखा पाच तास चालेल, इतकेच.