९१ टक्के टिकल्या, पण गोळी किती जणींनी घेतली?

क्लिनिकल ट्रायलमधून लोक का गळतात, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: दवाखाना लांब पडतो, रोज बुडतो, औषधाचा त्रास होतो. सगळं खरंच आहे. माझी तक्रार आहे ती गळती मोजण्याच्या पद्धतीबद्दल. पेपर वाचताना आपण शेवटपर्यंत किती जण आले ते बघतो आणि पुढे सरकतो. ‘व्हॉइस’ ट्रायल वाचल्यापासून मला तसं जमत नाही.

ही ट्रायल २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेत झाली. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी ५,०२९ स्त्रियांना रोज गोळी किंवा जेल दिलं. काहींना अर्थातच प्लासिबो. टिकल्या ९१ टक्के. कुठल्याही गाइडला खूश करणारा आकडा! औषध नियमित घेतल्याचं प्रमाणही, स्त्रियांच्या सांगण्यावरून, ९० टक्क्यांच्या आसपास. मग रक्त तपासलं. ज्यांना खरं औषध दिलं होतं, त्यांच्या जेमतेम २५ ते ३० टक्के नमुन्यांत ते सापडलं. लागण कमी झाल्याचं दिसलं नाही.

म्हणजे बायका खोटं बोलल्या? इतकं सोपं नाही. नंतरच्या मुलाखतींत कारणं पुढे आली. एचआयव्हीच्या उपचारातही हीच औषधं वापरतात. डबी कुणी पाहिली तर ‘हिलाच झालंय’ असं शेजारीपाजारी म्हणणार, घरचा जोडीदार संशय घेणार. दुसरीकडे दवाखान्यात मोफत तपासण्या होत होत्या, त्या सोडवत नव्हत्या. म्हणून अनेकींनी ट्रायल धरून ठेवली आणि औषध तेवढं सोडलं.

याच गटातली गोळी केनिया आणि युगांडातल्या ‘पार्टनर्स प्रेप’ ट्रायलमध्ये चांगली चालली. तिथे जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही असल्याचं दोघांनाही माहीत होतं. डबी लपवायची गरजच कमी.

उघड गळालेला माणूस निदान टेबलात ‘गळाला’ म्हणून दिसतो. गुपचूप गळालेली बाई मात्र ‘औषध मिळालेल्या’ गटातच मोजली जाते आणि दोष औषधावर जातो. व्हॉइसच्या संशोधकांनी रक्त तपासून हे स्वतःच छापलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. जिथे तशी तपासणी होत नाही, तिथला ९१ टक्क्यांचा आकडा मी तरी आता शंकेनेच वाचते.