स्पीकर ऐकायचा की त्याचं नाव?

महागड्या स्पीकरची परीक्षणं वाचताना मला न्यायदर्शन आठवतं. नैयायिक प्रत्यक्षाचे दोन टप्पे मानतात : निर्विकल्प, म्हणजे नाव चिकटण्याआधीचं, आणि सविकल्प, म्हणजे नाव-जातीसकट. परीक्षकाला कंपनी आणि किंमत आधीच ठाऊक असते. मग तो लिहितो, ‘आवाज मखमली आहे.’ आता हे कानाने सांगितलं की किमतीने?

ही नुसती तात्त्विक शंका नाही, बरं का. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी अमेरिकेतल्या हार्मन कंपनीत ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा दिसतील असे, एकदा पडद्याआड. गुण बदलले. छोट्या, स्वस्त संचाला समोर दिसताना कमी गुण मिळाले, पडद्याआड जास्त. जाणकार श्रोतेही यातून सुटले नाहीत.

तेव्हा पडदा हवाच. शिवाय दोन्हींची पातळी मोजून सारखी करा, कारण किंचित मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. खोलीही तीच हवी. आपल्या संभाजीनगरात शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वर स्लॅब. तिथे लाखाचा स्पीकरसुद्धा घुमतो.

पण पडद्याआड आपल्याला काय आवडलं एवढंच कळतं. अस्सल काय, हे कळायला मूळ आवाज कानाला ओळखीचा हवा. मी मिरजेचा तानपुरा घेतो. काळी एकच्या सुरात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते. जवारी नीट असली की तिच्यातूनच, मूळ कंपनाच्या पाचपटीवर, स्वयंभू गंधार निघतो. छोटा स्पीकर ६९ हर्ट्झ जवळजवळ देतच नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो! वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो भरून काढतो. म्हणजे बघा, प्रत्यक्ष वाटलं ते अनुमान निघालं. मोठा स्पीकर खर्ज खरोखर देतो. पण त्याचा खालचा भाग फुगलेला असला, तर गंधार झाकला जातो.

नाव न देता आपण ऐकूच शकत नाही, हे मला मान्य आहे. पडदा फक्त कंपनीचं नाव काढतो, म्हणजे स्वराचं नाव घ्यायला जागा होते. ‘मखमली’ म्हणण्याऐवजी परीक्षकाने सांगावं : खर्ज आला का? गंधार सुटा ऐकू आला का?

निवृत्तीचे पैसे घालून स्पीकर घेणार असाल, तर तानपुऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण बरोबर न्या. कोणता चालू आहे ते न सांगता वाजवायला सांगा. किंमत सगळ्यात शेवटी विचारा.