अडगळीतल्या फोनचा यंत्रमानव

२०२० साली इंटेलच्या संशोधन विभागातील म्युलर आणि कोल्टुन यांनी ‘ओपनबॉट’ची रचना सर्वांना खुली केली. मेंदू म्हणजे मोबाइल. मोटारी फिरवायला आर्डुइनो नॅनो. गाडीचा खर्च सुमारे ५० डॉलर. कल्पना आम्हांला मनापासून आवडली. कॅमेरा, संवेदक, संगणक, सारे जुन्या फोनमध्ये आयतेच मिळते! मात्र या ५० डॉलरांत फोन धरलेला नाही, आणि सांगाडा त्रिमितीय मुद्रकावर छापायचा. (आमच्या मते पुठ्ठाही चालावा.)

खरी तक्रार वेगळीच आहे. गाडी माणसामागे धावते, पण फोनने माणूस ओळखला कसा, हे विद्यार्थ्यांसाठी पेटीबंदच राहते. तेव्हा ते तयार अ‍ॅप आधी बाजूला ठेवा. नॅनोला नुसते ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ वळायला मुलांनीच शिकवू दे. आणि बॅटरी फुगलेला फोन वर्गात आणूच नका.