हिरव्या देवीचे परीक्षण

सॅलड म्हणजे कोशिंबिरीला झालेली इंग्रजी बाधा, असे माझे जुने मत. परवा कॅलिफोर्नियाहून आलेल्या लेकीने जाहीर केले, “बाबा, आज ग्रीन गॉडेस!” मला वाटले, नाटकाला जायचे. तसा मी अगदीच चुकलो नव्हतो.

त्याचे असे आहे. जॉर्ज आर्लिस नावाच्या नटाच्या सन्मानार्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलातल्या मुख्य आचाऱ्याने १९२३ साली हे ड्रेसिंग केले, असे सांगतात. आर्लिस गाजत होता तो विल्यम आर्चरच्या ‘द ग्रीन गॉडेस’ या नाटकात. हिमालयातले रुख नावाचे (नकाशात न सापडणारे) संस्थान, तिथे कोसळलेले विमान, त्यातली तीन इंग्रज माणसे आणि त्यांना हिरव्या देवीपुढे बळी द्यायला निघालेला साहेबी वळणाचा राजा. शेवटी इंग्रजांची विमाने धावून येतात. आपल्याकडे निदान नारद तरी आला असता.

हा आर्चर मूळचा नाट्यसमीक्षक. इब्सेन इंग्रजीत आणणारा. १९१७ साली ‘इंडिया अँड द फ्यूचर’ लिहून त्याने आपली उभी संस्कृतीच रानटी ठरवली. श्रीअरविंदांनी ‘आर्य’मधून त्याचा सविस्तर समाचार घेतला. पण साठीत पोचल्यावर या गृहस्थाने नाटक लिहिले आणि ते धो धो चालले, एवढ्यासाठी मी त्याला अर्धी माफी देतो. मीही पंधरा वर्षे परीक्षणे लिहिली, आणि एक नाटक. प्रयोग तीन झाले. तिसऱ्याला प्रेक्षकांत आमच्या घरचेच सातजण होते.

असो. बलकात लिंबू पिळायचे आणि फेटत फेटत तेल सोडायचे, पिंडीवरच्या अभिषेकासारखे थेंब थेंब. मी वाटी कलंडवली. मिश्रण फाटले.

“अहो, फोडणी नाही करायची!” सौ. म्हणाली. तिने दुसरा बलक घेतला, फाटलेले मिश्रण त्यात चमचा चमचा घालून घोटले आणि बघता बघता ते मिळून आले. तेलाचे बारीक थेंब बलक धरून ठेवतो. एकदम लोंढा आला की त्यालाही झेपत नाही.

मूळ संहितेत पुढे सावर क्रीम, पार्सली, चाइव्ह्ज, टॅरॅगॉन आणि अँकोव्ही ही खारवलेली मासळी. सौ.ने निर्दय संपादन केले. क्रीमच्या जागी चक्का, पार्सलीच्या जागी कोथिंबीर, चाइव्ह्जच्या जागी कांद्याची पात. टॅरॅगॉनला बडीशेपेसारखा वास असतो असे कळताच शेपूच्या दोन काड्या. मासळीचे काम मिठाला दिले.

आता परीक्षण. चक्क्याने भूमिका मुळाबरहुकूम वठवली. कोथिंबीर सारखी पुढे पुढे करते. शेपूचा प्रवेश छोटा, पण लक्षात राहतो. मीठ मात्र पाठ केलेले संवाद म्हणून गेले: खारटपणा आला, मासळीची खोली नाही आली. तरी काकडी दोनदा घेतली.

आर्चरचे नाटक आता कुणाच्या आठवणीत नाही. त्याची देवी तेवढी लोक काकडीवर ओतून खातात.

“बाबा, तुमच्या नाटकाचं नाव काय होतं?” लेकीने विचारले.

मी सांगितले.

“त्या नावाचं लोणचंसुद्धा खपायचं नाही,” सौ. म्हणाली आणि पोळीच्या तुकड्याने वाटी लख्ख पुसून घेतली.