‘दिवास्वप्न’ आणि शिक्षक-प्रशिक्षण : बालकांच्या भावनिक व वर्तनविषयक स्वास्थ्याच्या दृष्टीने चिकित्सा

प्रस्तावना :

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली, तर कलम २९ ने बालकास भीती, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा व्यक्त केली. कायद्याने छडी काढून घेतली. तिच्या जागी काय यावे, हे मात्र शिक्षक-प्रशिक्षणाने सांगावयाचे असते. २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेअंतर्गत सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद असून भावनिक स्वास्थ्य हा त्यातील एक विषय आहे. या पार्श्वभूमीवर गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकाचे पुनर्वाचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मूळ गुजराती असलेले हे पुस्तक मराठीतही उपलब्ध आहे. त्याचे वाचन बहुधा स्फूर्तिकथा म्हणून होते. प्रशिक्षणाचा मजकूर म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच होते.

वर्तनाचे वाचन :

पुस्तकाचा निवेदक लक्ष्मीराम हा शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन प्राथमिक शाळेच्या चौथीच्या वर्गावर एक वर्ष प्रयोग करतो. पहिल्याच दिवशी त्याने योजिलेला शांततेचा खेळ पूर्णतः फसतो. मुले गोंगाट करतात, चित्रविचित्र आवाज काढतात. येथे लक्ष्मीरामचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मुले वाईट आहेत असे तो म्हणत नाही. आपली योजना या मुलांसाठी नव्हती असे तो मानतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास बसतो आणि वर्ग आपोआप शांत होतो. म्हणजे मुलाचे वर्तन हा अपराध नसून शिक्षकाला मिळालेला निरोप आहे, ही दृष्टी पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. आजच्या वर्तनविषयक प्रशिक्षणाचेही हेच मूलतत्त्व असावयास हवे.

पुस्तकाच्या मर्यादा :

तथापि या यशामागील अटी दुर्लक्षिता येत नाहीत. लक्ष्मीरामला वरिष्ठांचे अभय आहे, वर्ग एकच आहे आणि अवधी वर्षभराचा आहे. सहकारी शिक्षक त्याच्याकडे संशयाने व काहीशा उपहासाने पाहतात. त्यांना सोबत घेण्याची पद्धत पुस्तकात नाही. पालकांची सभा तो बोलावतो, परंतु प्रतिसाद अल्प मिळतो आणि घराचे दार बव्हंशी बंदच राहते. वर्ग समूह म्हणून फुलतो. एखाद्या बालकाच्या घरातील दुःखाचा दीर्घ मागोवा मात्र येत नाही. सबब हे एका प्रतिभावान शिक्षकाचे चरित्र ठरते, प्रशिक्षणाची व्यवस्था ठरत नाही. सामान्य शिक्षकाने एकट्यानेच लक्ष्मीराम व्हावे अशी अपेक्षा ठेवणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

बोर्डी व कोसबाडचा पुढील टप्पा :

ही उणीव कोणी भरून काढली, याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे भावनगरला गिजुभाईंसमवेत कार्य केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू होऊन १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने येथे तीन गोष्टी घडल्या. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या अंगणात अंगणवाडी भरू लागली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि या कामासाठी बालसेविका घडविल्या गेल्या. लक्ष्मीरामने पालकांस शाळेत बोलाविले, कोसबाडने शाळाच पालकांकडे नेली. स्वप्नाचे रूपांतर व्यवस्थेत होण्याची ही प्रक्रिया होय.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात :

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेल्या मदत योजनेत विदर्भातील सहा जिल्हे होते. त्यांत बुलढाणा होता. घरातील कर्त्याचा मृत्यू अनुभवलेली किंवा ऊसतोडीसाठी आईवडिलांसोबत स्थलांतर करून परतलेली बालके वर्गात बसतात, तेव्हा त्यांचे गप्प राहणे, चिडणे वा गैरहजर राहणे हे ‘बेशिस्त’ या एका शब्दात कोंबणे सोयीचे, परंतु घातक आहे. दोन-तीन दिवसांची व्याख्याने आणि घडीपुस्तिका यांतून शिक्षकास भावनांची नावे कळतील. समोरचे मूल वाचता येणार नाही.

यासाठी केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदांचा उपयोग करता येईल. प्रत्येक शिक्षकाने एका बालकाच्या वर्तनाच्या नोंदी, नाव गुप्त ठेवून, तेथे मांडाव्यात. फसलेला उपायही निर्भयपणे सांगता यावा. त्याची नोंद गोपनीय अहवालात होऊ नये. शिक्षक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे, म्हणून कोणत्या बालकास जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवावे, हेही प्रशिक्षणात स्पष्ट असावे.

समारोप :

‘दिवास्वप्न’ने शिक्षकास दृष्टी दिली, कोसबाडने त्या दृष्टीस संघटन दिले. आजच्या प्रशिक्षणात परिपत्रके आहेत, परंतु शिक्षकास फसण्याची मुभा आणि घरापर्यंत जाण्याचा वेळ नाही. लक्ष्मीरामला पहिल्या दिवशी जे अभय मिळाले, ते जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींना व बाईंना मिळाल्याखेरीज कलम २९ मधील भयमुक्ती कागदावरच राहील. कारण भयग्रस्त शिक्षक बालकास निर्भय करू शकत नाही.